कोरडा कंगवा

नाताळ सरला आणि इग्नेशियस मास्तरांच्या वाडीतल्या विहिरीचे पाणी मचूळ झाले. पूर्वी ते मे महिन्याच्या अखेरीस थोडे जड लागे आणि पाऊस पडला की पुन्हा गोडे होई. आता शेजारच्या वाडीत बोअर मारली होती आणि तिच्यावर दिवसभर टँकर भरत. स्टेशनाकडच्या नव्या इमारतींत माणसे राहायला आली होती, त्यांना पाणी लागत होते. उमेळे गावच्या जमिनीतले गोडे पाणी जसजसे उपसले जाई, तसतसे खाडीचे पाणी खालून आत सरके. मास्तरांच्या केळींच्या पानांच्या कडा आधी पिवळ्या पडल्या आणि मग विस्तवाजवळ धरलेल्या कागदासारख्या करपल्या. लोंगर धरले, पण त्यांतली केळी भरली नाहीत.

तरीही रोज पहाटे मास्तर पंप सुरू करीत आणि फावडे घेऊन पाट फिरवीत. एका आळ्याचे तोंड बुजवायचे, दुसऱ्याचे उघडायचे, मातीचा बांध पायाने दाबायचा. हे काम त्यांनी कधी गड्यावर सोपवले नाही. मग आंघोळ, मग डोक्याला वाडीतल्याच नारळांचे तेल, मग सायकलवरून शाळा. तेल लावल्यावाचून या घरातले कोणी उंबरा ओलांडत नसे. त्याबाबतीत त्यांच्या पत्नीची, कॅथरीनची शिस्त शाळेपेक्षा कडक होती.

गेल्या उन्हाळ्यात घरात सून आली. मुलगा हिलरी सातिवलीच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. सून ज्युलिएट अंधेरीची, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली. जूनमध्ये तिला सासऱ्यांच्याच शाळेत तात्पुरती नेमणूक मिळाली. शाळेने नुकताच अकरावी विज्ञानाचा वर्ग काढला होता. तिथे ज्युलिएट रसायनशास्त्र शिकवी आणि मास्तर प्रात्यक्षिके घेत. मास्तरांनीही नोकरी सांभाळून, केस पिकू लागल्यावर एम.एस्सी. केले होते. या मे महिन्यात ते निवृत्त व्हायचे होते. मुख्याध्यापक फादरांनी त्यांना सांगून ठेवले होते की शिक्षण खात्याची समिती वर्ग पाहून गेली म्हणजे पुढच्या वर्षीचा निर्णय होईल. एक तर अकरावी तासिका तत्त्वावर मास्तरांकडे राहील, नाहीतर ज्युलिएटला कायम जागा देऊन तिच्याकडे जाईल. वर्ग एक होता. शिकवणारी माणसे दोन होती, आणि दोन्ही एकाच ओट्यावर चहा पीत.

एका सकाळी कॅथरीन विहिरीचे पाणी जुन्या लुगड्याच्या दुहेरी फडक्यातून गाळत होती. गाळून झाल्यावर तिने ओंजळभर तोंडात घेतले आणि थुंकून टाकले. मास्तर पलीकडे पाटावर होते. ज्युलिएट सासूजवळ उकिडवी बसली आणि तिला सांगू लागली की पाण्याच्या कणाला दोन अंगे असतात, एका अंगाला किंचित ऋण भार, दुसऱ्याला किंचित धन. मिठाचेही असेच धन आणि ऋण तुकडे होतात. मग पाण्याचे कण त्या तुकड्यांना चहूकडून धरतात. हे सांगताना तिने आपल्या दोन्ही हातांनी सासूचे मनगट गच्च पकडले.

"असं धरून ठेवतात, मम्मी. मग कापडातून पाणी गेलं की मीठपण त्याच्यासोबत जातं. कापडाला ते सुटं सापडतच नाही."

"आनि तेल? ते का नाय धरत?"

"तेलाला अशी दोन अंगं नसतात. पाण्याला त्याच्यात धरण्यासारखं काही मिळत नाही. म्हणून ते वेगळं राहतं, वर तरंगतं."

कॅथरीनने आपल्या मनगटाकडे पाहिले. तिला समजले होते, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. तिने नवऱ्याकडे वळून म्हटले, "एवढी वर्सं तुमी पोरांना शिकवता. मला नाय कदी सांगितलं."

"तू विचारलंस कधी?"

"हिला तरी कुटं विचारलं होतं?"

मास्तर फावडे घेऊन पुढच्या आळ्याकडे गेले. माती ओढता ओढता त्यांनी सुनेच्या बोलण्यातल्या चुका काढल्या. रेणू म्हणायच्या जागी ती कण म्हणाली होती. विद्युतऋणतेचा उल्लेखही केला नव्हता. दोन गुण सहज कापता आले असते. पण कॅथरीनचे मनगट सुनेच्या हातांत होते ते चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. त्या आळ्यात पाणी वाजवीपेक्षा जास्त गेले आणि बांध फुटला.

शाळेत याहून वेगळे नव्हते. मास्तरांची शिकवण्याची रीत ठरलेली होती. फळ्यावर रंगीत खडूने आकृती, खाली व्याख्या, मग उदाहरणे, मग वहीत उतरवून घेणे. त्यांच्या आकृत्या इतक्या रेखीव असत की तासानंतर फळा पुसायला मुलांना जिवावर येई. पण आता मुले मधल्या सुट्टीत ज्युलिएटभोवती जमत. रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या आवारात जुने विद्यार्थी मास्तरांना मान लववून पुढे जात आणि त्यांच्या धाकट्या बहिणी ज्युलिएटचा हात धरून उभ्या राहत. प्रयोगशाळेतली शिपाई यमुना इतकी वर्षे कपाटाची किल्ली मास्तरांकडे मागत असे. एके दिवशी ती म्हणाली, "मॅडमना विचारते, त्यांचा तास आहे ना आज," आणि तशीच गेली.

रेणूंची ध्रुवीयता हा धडा आला तेव्हा ज्युलिएटने वर्ग मैदानात चिंचेखाली नेला. मास्तर प्रयोगशाळेच्या खिडकीतून पाहत होते. तिने हार्दिक नावाच्या दांडग्या मुलाच्या कमरेला मधोमध दोर बांधला आणि दोराची दोन टोके दोन सारख्या जोराच्या मुलांना देऊन त्यांना एकमेकांविरुद्ध ओढायला लावले. हार्दिक जागचा हलला नाही. ती म्हणाली, हा कार्बन डायऑक्साइड. ओढ दोन्हीकडे आहे, पण सारखी आणि उलट, म्हणून रेणू अध्रुवीय. मग तिने त्या दोघांना एका अंगाला आणून कोनात उभे केले आणि पुन्हा ओढायला सांगितले. हार्दिक फरफटत गेला आणि सगळा वर्ग हसला. हे पाणी, ती म्हणाली. बंध वाकड्या रेणूत आहेत, म्हणून ओढ शिल्लक राहते.

मास्तरांना चूक तत्क्षणी दिसली. पाण्याच्या रेणूत ओढणारा ऑक्सिजन मधे असतो, टोकाचे हायड्रोजन ओढले जातात. हिने उलटे दाखवले होते. कितीतरी दिवसांत वाटला नव्हता असा थंडावा त्यांच्या छातीत पसरला. मधल्या सुट्टीत त्यांनी शिक्षकांच्या खोलीत, चार जणांच्या देखत, शांतपणे ती चूक सांगितली. ज्युलिएटने वही उघडून आकृती काढून पाहिली आणि मान डोलावली. दुसऱ्या दिवशी चिंचेखाली तासाच्या सुरुवातीलाच तिने वर्गाला सांगितले की काल माझी चूक झाली, ती इग्नेशियस सरांनी दाखवली, आणि या वेळी हार्दिकने त्या दोघांना आपल्याकडे ओढायचे. वर्गाने खिडकीकडे पाहून टाळ्या वाजवल्या. मास्तर खिडकीतून बाजूला झाले. त्या टाळ्या आपल्यासाठी असूनही त्या तिच्याच आहेत, हे त्यांना कळले होते.

समितीच्या भेटीचा दिवस ठरला तेव्हा फादरांनी दोघांना बोलावले. समितीसमोर एक प्रयोगासह पाठ घ्यायचा होता. फादर म्हणाले की विषय ध्रुवीयतेचाच ठेवू, मुलांना तो आवडलेला दिसतो, आणि पाठ ज्युलिएट घेईल. पुढे त्यांनी मास्तरांकडे वळून सांगितले की साहित्याची मांडणी तुमच्याइतकी नीट कोण करणार, तेव्हा ते तुम्ही पाहा.

म्हणजे यमुनेचे काम. मास्तरांनी होकार दिला.

प्रयोग जुनाच होता. दोन ब्युरेट, म्हणजे तोटीच्या काचनळ्या, शेजारी उभ्या करायच्या, एकीत पाणी, दुसरीत घासलेट. तोटी उघडून दोन्हींची बारीक धार सोडायची. प्लॅस्टिकचा कंगवा कोरड्या केसांवर घासून भारित करायचा आणि धारेजवळ न्यायचा. पाण्याची धार कंगव्याकडे वाकते, कारण पाणी ध्रुवीय आहे. घासलेटची सरळ पडते. ज्युलिएट शनिवार-रविवार माहेरी जाऊन आली होती. तिथे तिने शाम्पूने केस धुतले होते आणि तेल ती लावतच नसे. सोमवारी तिने प्रयोगशाळेत करून पाहिले. धार अशी वाकली की चंचुपात्र सोडून टेबलावर सांडली. ती लहान मुलीसारखी हसली आणि म्हणाली, "बघा ना सर." मास्तरांनी हाताची घडी घालून पाहिले. यमुनेने टेबल पुसले.

आठवडाभर घरच्या मचूळ पाण्याने न्हाऊन तिचे केस काथ्यासारखे झाले. साबणाला फेस येत नसे आणि डोक्यावर चिकट थर राही. विंचरताना केसांचा पुंजका हाती येई. पाठाच्या आदल्या संध्याकाळी ती ओट्याच्या पायरीवर बसून गुंता सोडवत होती. कॅथरीनने तिच्या हातातून फणी काढून घेतली. सून घरात आल्यापासून तेलाला नाही म्हणते, हे तिला लागून राहिले होते. तिने कधी बोलून दाखवले नव्हते, पण वाटी रोज भरून ठेवी आणि रोज तशीच उचली. आज ती म्हणाली, "उद्या मोठी मानसं येनार. असं डोकं घेऊन जाशील? सकाळी मी तेल घालते, घट्ट येनी घालते."

ज्युलिएटने मागे वळून सासूच्या गुडघ्यावर डोके टेकले. "घाला मम्मी. तुम्हीच घाला."

मास्तर त्याच ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. तेलकट केसांवर कंगवा भारित होत नाही, हे त्यांना ठाऊक होते; तेल कधी न लावणाऱ्या सुनेच्या ते ध्यानात आले नव्हते. वाक्य तयार होते, चार शब्दांचे. उद्या तेल लावू नकोस. त्यांनी मान वर केली. कॅथरीनचे बोट सुनेच्या भांगातून फिरत होते आणि तिचा चेहरा कितीतरी महिन्यांनी मोकळा झाला होता. आता मधे बोललो तर बायकांचे जुळते आहे ते मोडेल, असा विचार त्यांच्या मनात आला. सबब चांगली होती. त्यांनी ती धरून ठेवली आणि वर्तमानपत्राचे पान उलटले.

पहाटे त्यांनी पंप सुरू केला नाही. चर्चच्या विहिरीवरून सासूसुनेने आणलेल्या गोड्या पाण्याची कळशी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेली होती. ते दिवसभराचे पिण्याचे पाणी होते. मास्तरांनी ती उचलून न्हाणीत नेली. दोनदा साबण लावून डोके धुतले. फेस भरपूर आला. कळशी संपूर्ण ओतली, केस पंच्याने कोरडे केले, एक नवा कंगवाही त्याच साबणाने धुऊन पुसला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. प्रत्येक गोष्ट त्यांनी क्रमाने केली. उजाडल्यावर कॅथरीन वाटी घेऊन आली तेव्हा त्यांनी डोके जड असल्याचे सांगितले. तिने आग्रह केला नाही. तिला सुनेची घाई होती. कोमट तेल सुनेच्या टाळूवर जिरवून, वेणी घालून, उरलेल्या तेलाचा हात तिने सुनेच्या कंगव्यावरूनही फिरवला.

समितीत तिघे होते. ते पहिल्या बाकावर बसले. मास्तर साहित्याच्या टेबलामागे स्टुलावर होते. ज्युलिएटने सुरुवात छान केली. दोर आणला, हार्दिकला उभे केले, आधी मुलांनी ओढले, मग मुले ओढली गेली. समितीतले पांढऱ्या केसांचे निरीक्षक हसलेही. मग ती म्हणाली की आता हे पाणी स्वतःच आपल्याला दाखवील. तिने तोट्या उघडल्या. दोन धारा पडू लागल्या. वेणीच्या वरच्या केसांवर तिने कंगवा घासला आणि पाण्याजवळ नेला.

धार सरळ पडत राहिली.

तिने पुन्हा घासला, जोराने. कंगवा चकाकत होता. धार सरळ. तिने हार्दिकला पुढे बोलावून त्याच्या केसांवर घासला, मग पहिल्या रांगेतल्या मुलीच्या. गावातले प्रत्येक डोके सकाळी घरून तेल पिऊन आले होते. तिने पदरावर घासून पाहिले. पदर सुती होता, सासूने दिलेल्या साडीचा, आणि कंगव्याचे तेल त्याला लागून डाग पडला. आता दोन्ही धारा शेजारी शेजारी सारख्याच सरळ पडत होत्या.

हार्दिकने हात वर केला. त्याच्या मनात खोडी नव्हती. "म्हणजे मॅडम, पाणीपण घासलेटसारखं अध्रुवीयच?"

मागच्या बाकांवर कोणीतरी फिसकन हसले. निरीक्षकांनी घड्याळ पाहिले आणि म्हणाले की राहू द्या, पुस्तकात दिलेलेच आहे. ज्युलिएटच्या कपाळावर तेल आणि घाम मिसळून चमकत होता.

तेव्हा मास्तर स्टुलावरून उठले. त्यांनी खिशातून कंगवा काढला, आपल्या पांढऱ्या, भुरभुरीत केसांवरून सावकाश फिरवला आणि धारेजवळ नेला. धार वाकली. सुटून गेलेली वस्तू परत हाती यावी तशी ती कंगव्याकडे आली. तोच कंगवा त्यांनी घासलेटजवळ नेला, ते सरळ पडले. वर्गाने टाळ्या वाजवल्या, समितीनेही. निरीक्षक म्हणाले, "अनुभव तो अनुभव. सर, पुढचं आता तुम्हीच घ्या."

मास्तरांनी खडू हातात घेतला. बंधकोन, विद्युतऋणता, द्विध्रुव आघूर्ण, सारे क्रमवार सांगितले. आकृती नेहमीसारखी निर्दोष उतरली. बोलताना त्यांनी एकदा वळून पाहिले. मुलांच्या माना वह्यांवर वाकल्या होत्या, सगळी लिहीत होती, कोणी काही विचारत नव्हते. ज्युलिएट टेबलाशी उभी राहून तोट्या बंद करत होती. नंतर तिने सांडलेले पाणी पुसले.

दुपारी फादरांनी बोलावले. वर्गाला मान्यता मिळणार होती. मात्र अकरावी निदान एक वर्ष तरी अनुभवी शिक्षकाकडे असावी, असे समितीने सुचवले होते. फादर संकोचाने ज्युलिएटकडे पाहत होते. ती म्हणाली की ठीक आहे, सरांनाच द्या, मी खालचे वर्ग घेईन. तिच्या आवाजात राग नव्हता. मास्तरांनी फादरांचे आभार मानले आणि सायकलवर बसून घरी येईपर्यंत ते मनात पुढच्या वर्षाचे वेळापत्रक जुळवत होते.

घरी कॅथरीन रिकामी कळशी हातात घेऊन उभी होती. दिवसभर तिने शेजारून तांब्या-तांब्या पाणी मागून आणले होते आणि तिला त्याची लाज वाटली होती. "पहाटेच रिकामी. भरलेली कळशी कोनी ओतली? आनि सकाळी न्हानीत साबनाचा एवढा फेस कुनाचा होता? आपल्या पान्याला फेस येतो का?"

ती कोणाला विचारत नव्हती, नुसतीच बोलत होती. ज्युलिएट उंबऱ्यात चपला काढत होती. तिने एक चप्पल काढली आणि दुसरी पायातच ठेवून न्हाणीकडे पाहिले. मग तशीच वाडीत गेली.

मास्तर सकाळचे राहिलेले पाणी आता केळींना देत होते. ती पाटाच्या पलीकडे येऊन थांबली. मधून मचूळ पाणी वाहत होते.

"पप्पा, काल मम्मी तेलाचं बोलल्या तेव्हा तुम्ही तिथंच बसला होता."

"होतो."

"तुम्हांला माहीत होतं."

मास्तरांनी आळ्याचे तोंड उघडले. हवेतला दमटपणा, प्लॅस्टिकची प्रत, कंगव्याचे दात, अशी तीन-चार कारणे त्यांच्यापाशी होती आणि त्यांतले पहिले त्यांनी सांगायला घेतले. हवा आज दमट होती, अशा हवेत भार टिकत नाही.

"तुमच्या कंगव्यावर टिकला," ती म्हणाली.

पाणी आळ्यात भरत आले. मास्तरांनी तोंड बुजवले नाही.

"वर्षभर तुम्ही माझी एकही चूक सोडली नाही. सगळ्यांसमोर सांगितलीत, तरी मला बरं वाटायचं. वाटायचं, घरचं माणूस आहे, चुकू देणार नाही. आज समोर आलात ना, तेव्हापण मला वाटलं की मला वाचवायला उठलात. मी घरी येऊन तुमच्या पाया पडणार होते."

खाली वाकून तिने त्यांच्या हाताजवळचे फावडे उचलले, भरलेल्या आळ्याचे तोंड चार फावड्यांत बुजवले, फावडे जागेवर ठेवले आणि घराकडे गेली. तिने बांध नीट दाबला होता. पाणी फुटले नाही.

दिवेलागणीची प्रार्थना झाली. सगळ्यांनी नेहमीसारखे एकमेकांना "जय येशू" म्हटले. ज्युलिएटने सासूजवळ वाडीतल्या बोलण्याचा एक शब्दही काढला नाही. पाठाचे विचारल्यावर तिने सांगितले की प्रयोग सरांनी केला, फार छान झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कॅथरीनने कौतुकाने नवऱ्याकडे पाहिले आणि सुनेच्या वेणीवरून हात फिरवून म्हणाली, उद्या परत घालते. ज्युलिएट बरे म्हणाली.

पाने मांडून झाल्यावर ती ओट्यावर आली.

"सर, जेवायला चला."

आत कॅथरीन हसली. "आता घरात पन सर?"

"सरच आहेत ना, मम्मी."

हिलरीने ताटावरून मान वर करून बायकोकडे पाहिले आणि पुन्हा खाली घातली. मास्तर येऊन आपल्या जागेवर बसले. ज्युलिएटने भात आणला. एरवी ती न विचारता वाढी, आणि ते नको नको म्हणत असताही आणखी एक डाव घाली. आज तिने भात वाढला, डाव ताटावर धरून ठेवला आणि घरी आलेल्या परक्या माणसाला विचारावे तसे अदबीने विचारले, "एवढा पुरे, सर?"

मास्तरांनी ताटावर हात आडवा धरला.